पाटावरची मांडी

माझं हाड मी पडल्यामुळे मोडलं नाही. हे आधीच सांगतो, कारण भेटायला आलेला प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आत विचारायचा, "कुठे पडलास रे?" आणि "पडलो नाही" म्हटलं की मी काहीतरी लपवतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. ज्यांच्या घरात माझ्यासारखा आजार आहे त्यांचाही हाच समज असणार. पडलं की मोडतं, म्हणून पडू द्यायचं नाही. आमच्या घरानं वर्षानुवर्षं हा एकच नियम पाळला, आणि मनापासून पाळला. त्या नियमातून जे निसटलं ते सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे. हळू लिहितो. उजव्या हाताची दोन बोटं टाइप करतात, बाकीची नुसती सोबतीला असतात. शिवाय आई गेल्यापासून मला कुठल्याच गोष्टीची घाई राहिलेली नाही.

"घेते हं"

माझ्या आजाराचं नाव मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. कॉलेजात असताना जिना चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागू लागला, तिथून सुरुवात. पुढे कॉलेजच्याच ग्रंथालयात नोकरी लागली. वरच्या फळीवरचं पुस्तक काढता येईना तेव्हा मी खालच्या फळ्या सांभाळू लागलो, आणि उभंच राहता येईना तेव्हा घरी बसून मुद्रितं तपासू लागलो. लोकांना ऐकताना वाईट वाटतं, पण हे सगळं इतकं सावकाश झालं की मला प्रत्येक पायरीची सवय होत गेली.

चाकाची खुर्ची आली तेव्हापासून मला उचलायचं काम आईचं. बाबा त्याआधीच गेलेले. आई काटकुळी बाई, पण तिची एक रीत होती. पलंगाच्या कडेला मला बसवायची, माझे पाय जमिनीला नीट टेकवायची, दोन्ही हात माझ्या काखेखालून पाठीमागे नेऊन जुळवायची आणि म्हणायची, "घेते हं." मग थांबायची. मी "हं" म्हटल्याशिवाय ती हलत नसे. कधी मी वाचत असलो तर मुद्दाम पान संपेपर्यंत "हं" म्हणायचो नाही. तीही तशीच वाकून उभी. "संपलं का तुझं पुराण? कंबर मोडली माझी." मग मी "हं" म्हणायचो आणि दोघं मिळून उठायचो. तेवढा एक क्षण मी माझ्या पायांवर उभा असायचो, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून. मग ती मला खुर्चीकडे वळवायची.

त्या क्षणाला कधी काही किंमत असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

ती गेली ती दुपारी, डाळ निवडताना. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

दिगंबर

आमच्याच आवारात, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात माझा चुलतभाऊ दिगंबर राहतो. एसटीत ड्रायव्हर आहे, बहुतेक राजापूरच्या गाडीवर. माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा, पण आमचं अरेतुरे. मी त्याचा दिग्या, तो माझा अन्या. आईचे दिवस झाल्यावर ताई मला डोंबिवलीला घेऊन जायला निघाली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या बॅगा भरून झाल्या होत्या. दिगंबर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याला कुठे नेतेस? चौथ्या मजल्यावर? लिफ्ट बंद पडली की तो काय पाइपावरून उतरणार? मी आहे ना इथे."

वर्षभर त्यानं मला उचललं. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर. मध्ये त्याची बायको, सुलूवहिनी, जेवणखाण बघायची. दिगंबरच्या अंगात ताकद भरपूर, त्यामुळे पाय टेकवणं, थांबणं, विचारणं अशी भानगड नव्हती. "चल रे अन्या" म्हणायचा आणि मला लहान मुलासारखा आडवा उचलून खुर्चीत ठेवायचा. मला गंमत वाटायची. त्यालाही वाटत असावी.

श्राद्धाचा दिवस

आईचं वर्षश्राद्ध आलं. मी एकुलता मुलगा. बाराव्या-तेराव्याला मी खुर्चीतच बसलो होतो. भटजी खाली, मी वर. तीळ सोडायला वाकता येत नव्हतं म्हणून मध्ये ताई वाटी घेऊन उभी राहिली होती. ते माझ्या मनात राहून गेलं. लहानपणी गणपतीत, पितृपक्षात आई मला स्वतःच्या हातानं पाटावर बसवायची, मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून. ह्या वेळी तरी तिच्यासाठी तसं बसावं असं मला वाटलं.

भटजी समजूतदार होते. "खुर्ची चालेल हो. तिला काय कळत नाही का तुमचं?"

"मला पाटावर बसायचंय," मी म्हटलं.

ताईनं दिगंबरकडे बघितलं. दिगंबर म्हणाला, "बसतो म्हणतोय तर बसू दे. काकूला बरं वाटेल." त्यानं मला माजघरात उचलून आणलं आणि अगदी अलगद पाटावर टेकवलं. ताईनं पाठीशी उशी लावली. डावा पाय दुमडला. उजवा अर्ध्यात अडला. माझे गुडघे बरीच वर्षं पूर्ण सरळ होत नाहीत आणि पूर्ण वाकतही नाहीत.

"दुखतंय का?"

"नाही. घे थोडा आत."

"एवढा?"

"अजून थोडा."

त्यानं माझं पाऊल तळहातात धरलं होतं, एखादं भांडं धरावं तसं. जोर असा लावलाच नाही. आंब्याच्या पेटीची फळी खिळ्यातून निघते तेव्हा होतो तसा एक कोरडा आवाज झाला. इतका बारीक की भटजींना ऐकू गेला नाही; ते दर्भ निवडत होते. मला आधी दुखलंच नाही. मी दिगंबरचा चेहरा बघितला आणि मग दुखायला लागलं.

त्यानं पाऊल सोडलं नाही. नुसता बघत राहिला. "अन्या, काय झालं रे? अन्या, काय झालं?" एवढंच पुन्हा पुन्हा.

गाडी येईपर्यंत मला हलवायचं नाही असं ताईनं ठरवलं आणि ते बरोबर ठरवलं. गुडघ्याखाली उशा सारल्या, पाय होता त्याच कोनात ठेवला. भटजी पोथी मिटून म्हणाले, "राहिलेलं मी पुरं करतो. तुम्ही जा. अर्धवट राहिलं असं मनात आणू नका." मी पाटावरून स्ट्रेचरवर गेलो. पानावरचे पिंड तसेच होते.

मशीन वाकडं करा

एक्स-रेच्या खोलीतला माणूस वाईट नव्हता. त्याला रोज पडलेली, आपटलेली माणसं सरळ करायची सवय.

"पाय सरळ ठेवा."

"होत नाही."

"थोडा प्रयत्न करा. मी धरतो."

ताई मध्ये पडली. "दादा, तो पाय पंधरा वर्षांत सरळ झालेला नाही. तुम्ही तुमचं मशीन वाकडं करा."

त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खरोखरच मशीन फिरवलं. माझ्यासारख्या कुणालाही हॉस्पिटलात जावं लागलं तर सोबत असं एक माणूस हवं. वेदनेत आपल्याला भांडता येत नाही, आणि समोरच्याला माहीत नसतं की हा पाय आजच वाकडा झालेला नाही.

गुडघ्याच्या जरा वर, मांडीचं हाड. फार सरकलेलं नव्हतं. हाडांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी फिजिशियनना बोलावून हृदय आणि श्वास तपासायला लावले. मग पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. भूल देण्यात माझ्या आजारामुळे धोका आहे, तो घेणं टाळता येण्यासारखं आहे, ऑपरेशन न करता कापसाची जाड पट्टी बांधून गुडघा आहे त्याच कोनात ठेवायचा, असं त्यांनी सांगितलं. "वेळ लागेल. पण तुमचा पाय तुम्हाला जसा हवाय तसाच राहील." वाकड्या पायाबद्दल इतकं आदरानं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

संध्याकाळी सुलूवहिनींचा फोन आला. ताईनं तो माझ्या कानाला लावला. "भाऊजी, कावळा आला हो. पान ठेवलं नि लगेच आला. खिरीत चोच घालून गेला."

ताई म्हणाली, "आईच ती. तिला कुठे कुणाला ताटकळत ठेवायची सवय होती?" आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग ती तोंड पुसायला बाहेर गेली.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलात मला भीती हाडाची नव्हती, आडवं राहण्याची होती. सपाट झोपलं की माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी हे सांगायलाही मला संकोच वाटला. मग एका सिस्टरनं न विचारताच पलंगाचं डोकं वर केलं. "असं बरं वाटतं ना?" म्हणाली आणि निघून गेली. पुढे रोज फिजिओथेरपिस्ट येऊन पाण्याच्या बाटलीत नळीनं बुडबुडे काढायला लावायचा. छाती मोकळी राहावी म्हणून. ह्या वयात बुडबुडे काढताना मला माझंच हसू यायचं, पण त्या बुडबुड्यांनी मला न्यूमोनियापासून वाचवलं असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

शेजारच्या पलंगावर गुहागरकडचे एक म्हातारे खलाशी होते. मनगट प्लास्टरमध्ये.

"मास्तर, तुमचं काय मोडलं?"

"मांडीचं हाड."

"होडीवरून?"

"पाटावरून."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "पाट केवढा उंच होता?"

मी हसलो तशी मांडीत कळ आली. त्यांनी मला हाडं घट्ट व्हायला रोज सुकट खायला सांगितलं. आमच्यात मासे चालत नाहीत म्हटल्यावर ते उद्गारले, "मग मेलात!" आणि आपण कुठे बसून काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सुनेकडून माझ्यासाठी नाचणीची भाकरी मागवली. हा माफीचाच प्रकार होता. मी ती सगळी खाल्ली.

दिगंबर रोज डबा घेऊन यायचा. वॉर्डाच्या दारापर्यंत. डबा ताईच्या हातात द्यायचा, तिथूनच "बरं आहे ना रे?" विचारायचा आणि जायचा. त्याचे हात सतत खिशात असायचे.

शेवटचे उभे कधी राहिलात?

घरी आल्यावर दिवसा एक मदतनीस येऊ लागला. पण तो नऊला यायचा आणि पाचला जायचा. सकाळ आणि संध्याकाळ ताई होती म्हणून चाललं होतं, तेही पट्टीतला पाय सांभाळत, चादरीसकट सरकवत, दोघांचं कण्हणं एकमेकांना ऐकू न देता. ताईच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं. तिला जावं लागणार होतं.

आणि दिगंबरनं बोरिवलीची गाडी मागून घेतली होती. वहिनींनी सांगितलं ते खाली बघून सांगितलं. "दोन दिवस तिकडे, एक दिवस इकडे. मी म्हटलं, कशाला? तर बोलत नाहीत."

ताईनं मला स्पष्टच सांगितलं. "दिगू उचलत नसेल तर तू इथे राहू शकत नाहीस, अनू. ह्यात रडण्यासारखं काही नाही. माझ्याकडे चल." मला माहीत होतं, ती बरोबर बोलत होती. ह्या घरात मी जन्मलो, आई ह्याच घरात गेली. इथल्या माजघराच्या दारातून ओटीपलीकडचं जांभ्याचं कुंपण दिसतं आणि कुंपणावर येऊन बसणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची वेळ मला माहीत आहे. डोंबिवलीच्या त्या खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी आहे.

पट्टी काढायच्या वेळी डॉक्टरबाईंनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला. हाड जुळलं होतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. उन्हात किती बसता? माजघरात, दारापाशी, असं मी म्हटलं. म्हणजे ऊन नाहीच. हाडांची तपासणी कधी केली होती? नाही. इतकी वर्षं मला बघणाऱ्या सगळ्यांनी स्नायू बघितले, हृदय बघितलं, श्वास मोजला. हाडांबद्दल कुणी बोललंच नव्हतं. बोललं असेल तर एवढंच, की पडू नका.

"शेवटचे उभे कधी राहिलात?"

"आई होती तेव्हा," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. हाडाला वजन पेलायची सवय लागते. वजन आलंच नाही की ते आतून विरळ होत जातं. माझ्यासारख्यांच्यात हे फार होतं, कारण आम्ही बसून असतो, घरात असतो आणि सगळे आम्हाला जपत असतात. "त्या दिवशी मांडी घातली नसती तर मोजा घालताना मोडलं असतं. कुणी चादर जरा जोरात ओढली असती तरी. ज्यानं पाय धरला होता त्याला हे नक्की सांगा."

रिक्षात ताई म्हणाली, "आईला कुणी सांगितलंच नाही रे."

खिडकीचे गज

हा भाग लिहिताना मी सगळ्यात जास्त दिवस थांबलो.

कोल्हापूरला एका फिजिओथेरपिस्टनं फार पूर्वी आईला सांगितलं होतं, ह्याला रोज आधारानं उभा करा. तिनं केलंही. मी खिडकीचे गज धरायचो, ती मागून कंबरेला दोन्ही हात लावून उभी राहायची, आणि आम्ही दोघं बाहेर खळ्यातली वाळत घातलेली आमसुलं बघत बसायचो, म्हणजे उभे राहायचो. मग एक दिवस माझे हात सुटले. हनुवटीला टाके पडले, जीभ चावली गेली, रक्त बरंच आलं. मला विशेष काही वाटलं नाही. पण तिनं दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर कपाट सरकवलं. "नको रे बाबा उभं राहणं. तू बसलेला दिसलास की माझा जीव थाऱ्यावर असतो."

त्यानंतर मी पडलो नाही. एकदाही नाही. ह्याचा तिला अभिमान होता, आलेल्या-गेलेल्याला ती सांगायची.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर मी त्या कपाटाकडे बघत बसलो होतो. मला तिचा राग आला का? आला. थोडा वेळ आला. मेलेल्या माणसावर रागावलं की कुणीकडे तोंड करून बसावं कळत नाही. मग मला आठवलं की पलंगावरून खुर्चीत घेताना ती रोज मला क्षणभर उभा करत होती. माझी हाडं जी काही टिकली ती त्या क्षणावर टिकली असतील. तिनं मला एका भीतीपायी बसवलं होतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ, आपल्याच नकळत, परत उभंही केलं होतं. आता हे दोन्ही मी एकत्रच धरतो. वेगळं करायला गेलो की त्यात आई उरत नाही.

खिळे उघडे आहेत

दिगंबर ज्या दिवशी घरी असायचा त्या दिवशी आमच्याकडे यायचा, पण कामाला. मला हात न लावता करता येईल ते सगळं तो करत होता. खुर्चीच्या चाकांना तेल घातलं. दिव्याची कळ माझ्या हाताच्या उंचीवर आणली. ओटीच्या उंबऱ्यावरून खुर्ची जावी म्हणून फळीचा उतार ठोकत होता त्या सकाळी मी त्याला हाक मारली.

"दिग्या, जरा बस."

"बसायला वेळ नाही. खिळे उघडे आहेत."

"डॉक्टरबाईंनी तुला निरोप दिलाय."

हातोडी थांबली. मी सगळं सांगितलं. हाडं विरळ झाली होती, मोजा घालतानाही मोडलं असतं. ऊन नाही, उभं राहणं नाही, कपाट सरकवल्यापासूनची सगळी वर्षं.

तो उठून आत आला. "म्हणजे काकूमुळे मोडलं असं म्हणायचंय तुला?"

"तसं कुणी म्हणत नाही."

"तेच म्हणतोयस. जिनं तुला पंधरा वर्षं उचललं तिच्यामुळे? माझ्या हाती एक वर्ष टिकला नाहीस तू! ती तुला उभा करायची. मला माहीताय, मी भिंतीपलीकडून ऐकायचो, घेते हं, घेते हं. मी कधी उभा केला? गोणीसारखा उचलला आणि टाकला. काकूचं नाव ह्यात घ्यायचं नाही. मी मोडलं. आवाज मी ऐकलाय."

ताई चहाचे कप घेऊन दारात येऊन थांबली होती.

"बरं," मी म्हटलं. "तूच मोडलंस."

"हो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय?"

"मग टाकून कुठे चाललास? गाडी ठोकलीस तर डेपोत आणून लावावी लागते ना? का रस्त्यातच सोडून बोरिवलीला जातोस?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता एक थोबाडीत देईल. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो माझ्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला आणि हमसून रडायला लागला, आणि मध्येच म्हणाला, "मेल्या, ठोकलेली गाडी ड्रायव्हर आणत नाही. तिला दुसरी गाडी ओढून आणते."

"चहा घे आधी," ताई म्हणाली. "थंड झाला तर मी परत करणार नाही."

जे आधी माहीत असायला हवं होतं

माझ्यासारखा आजार असेल तर कृपा करून हाडांबद्दल तुम्ही स्वतः विचारा. डॉक्टर विसरले तरी तुम्ही विसरू नका. हाडांची तपासणी होते, औषधं असतात, ड जीवनसत्त्व साध्या रक्ततपासणीत कळतं. डॉक्टर हो म्हणत असतील तर आधारानं, पट्ट्यांनी, चौकटीनं, जमेल तसं उभे राहा; आमच्यासारखं एका पडण्यानं सोडून देऊ नका. उन्हात बसा. जे पाय वाकत नाहीत ते देवासाठीही वाकवू नका. पडला नसलात तरी गुडघ्याशी सूज आली, उचलताना नवीन कळ आली तर एक्स-रे काढा. भूल द्यायची वेळ आली तर आजाराचं नाव आधी सांगा. आणि घरच्यांना एवढंच सांगेन: जपणं चुकत नाही, पण काय जपतोय ते मधूनमधून कुणाला तरी विचारत राहावं.

मी पुन्हा क्षणभर तरी उभा राहीन की नाही, अजून माहीत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, आधी पाटावर नुसते पाय टेकवा, थोडं वजन येऊ दे, मग बघू.

ओटीवर

फिजिओथेरपिस्ट घरी येऊन दिगंबरला शिकवून गेला. दंड धरून ओढायचं नाही. गुडघ्यांखालून आधार. पिळा द्यायचा नाही. दिगंबरनं सराव ताईवर केला. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तिसऱ्या खेपेला ती ओरडली, "अरे, मी काय राजापूरचं पार्सल आहे? हळू!" वहिनी हसता हसता भिंतीला टेकल्या. त्यानं बोरिवलीची गाडी सोडली होती, पण मला अजून हात लावला नव्हता.

ताईची गाडी दुपारची होती. सकाळी दिगंबर आंघोळ करून आला. त्यानं माझी खुर्ची ओटीवर नेऊन ठेवली, जिथे कोवळं ऊन येतं तिथे. मग माजघरातून श्राद्धाचा तोच पाट आणला आणि खुर्चीपुढे माझे पाय टेकतील तिथे ठेवला. एकदा डावीकडे सरकवला, परत उजवीकडे. ताईनं मला पलंगाच्या कडेला बसवलं होतं. तो आत आला आणि माझ्यासमोर वाकला. त्यानं माझे पाय जमिनीला टेकवले. एक हात काखेखालून पाठीमागे नेला, दुसरा गुडघ्यांखाली. त्याच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि डिझेलचा वास येत होता.

ताई भरलेली बॅग हातात घेऊन तशीच उभी होती.

"घेतो हं," दिगंबर म्हणाला.

आणि तो थांबला. मी काही बोलेना तरी तो वाकून तसाच थांबला. त्याला कसलीही घाई नव्हती.

"हं," मी म्हटलं.